अमेरिकेच्या मधल्या राज्यांतून दोघांचा मोटारप्रवास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांकडे काही महिन्यांसाठी आलेले आईवडील, नोकरीनिमित्त नुकतेच तिकडे स्थिरावलेले नवे जोडपे आणि दीर्घ सुट्टी काढून भारतातून मुद्दाम जाणारे दोघे, असे तीन प्रकारचे प्रवासी आम्हाला हे प्रश्न पाठवतात. प्रश्न त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. जिथे दोन प्रश्नांचा विषय एकमेकांत मिसळतो, तिथे उत्तर एकदाच देऊन त्या क्रमांकाचा निर्देश केला आहे.

१. "मधली राज्ये" म्हणजे नेमकी कोणती? तिथे मक्याच्या शेतांशिवाय पाहण्यासारखे काय आहे?

आयोवा, नेब्रास्का, कॅन्सस, साउथ डकोटा आणि मिसुरी ही राज्ये, तसेच इलिनॉय व मिनेसोटा यांचा त्यांना लागून असलेला भाग येथे गृहीत धरला आहे. "सगळे सपाट आहे, दुसरे काही नाही" असे सांगणारे बहुतेक लोक इंटरस्टेट ८० या राज्याराज्यांना जोडणाऱ्या महामार्गावरून नेब्रास्काचे सुमारे ४५५ मैल एका दिवसात ओलांडून गेलेले असतात. एकोणिसाव्या शतकात ऑरेगॉनकडे निघालेल्या बैलगाड्यांचे तांडे प्लाट नदीच्या काठाने गेले, कारण तिथे पाणी होते आणि चढ नव्हता. पुढे आंतरखंडीय रेल्वेने तोच काठ धरला आणि इंटरस्टेटही तिथूनच नेला गेला. म्हणजे प्रवाशाला जो पट्टा दिसतो, तो सपाट म्हणूनच निवडलेला आहे. त्या रस्त्यापासून वीस-तीस मैल बाजूला गेले की पश्चिम आयोवातल्या वाऱ्याने आणून टाकलेल्या मातीच्या लोएस टेकड्या, नेब्रास्कातली गवताने झाकलेली वाळूची डोंगररांग आणि कॅन्ससच्या फ्लिंट हिल्समधले उंच गवताचे कुरण लागते. या उत्तरांमागचा आमचा आग्रह एकच आहे : प्रवासाचा निदान निम्मा भाग इंटरस्टेटच्या बाहेर करावा.

२. आमच्याकडे दहा-बारा दिवस आहेत. कोणता मार्ग धरावा?

शिकागोहून निघून शिकागोलाच परतायचे असेल, तर जाताना आयोवा व नेब्रास्का आणि येताना साउथ डकोटा व मिनेसोटा असे वर्तुळ चांगले जमते. पहिला मुक्काम आयोवातल्या अमाना या जुन्या जर्मन वसाहतींत करावा, जिथे १९३२ पर्यंत जमीन आणि स्वयंपाकघर दोन्ही सामाईक होती. पुढे डी मॉइनजवळच्या विंटरसेट परिसरातील छप्पर असलेले लाकडी पूल पाहून ओमाहा गाठावे. ग्रँड आयलंडला इंटरस्टेट सोडून हायवे २ ने अलायन्सपर्यंत जावे (प्रश्न १३), तिथून उत्तरेला ब्लॅक हिल्स हे डोंगर (प्रश्न १५) आणि बॅडलँड्स हा झिजलेल्या मातीच्या सुळक्यांचा प्रदेश (प्रश्न ८) पाहावेत आणि इंटरस्टेट ९० ने मिसुरी नदी ओलांडून परतावे. हा फेरा दोन हजार मैलांच्या पुढे जातो. कोणत्याही दिवशी २५० मैलांहून अधिक अंतर ठेवू नये, असे आमचे मत आहे. परतीचे एक-दोन दिवस मात्र त्याला अपवाद ठरतात.

सातच दिवस असतील, तर ब्लॅक हिल्स सोडून द्यावेत आणि कॅन्सस सिटीहून फ्लिंट हिल्स, मग १८७७ मध्ये गुलामीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी वसवलेले निकोडेमस हे गाव आणि तिथून दक्षिण नेब्रास्का, असा छोटा फेरा करावा. सात दिवसांत दोन्ही फेरे बसवण्याचा प्रयत्न केल्यास केवळ गाडी चालवणे होते.

३. कोणत्या महिन्यात जावे?

सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबरचा पूर्वार्ध हा सर्वांत निर्धोक काळ आहे. हवा कोरडी असते, मक्याची व सोयाबीनची कापणी चालू असते आणि मुक्काम सहज मिळतो. एप्रिल ते जून या काळात कुरणे हिरवीगार असतात, पण वादळांचाही तोच हंगाम असतो (प्रश्न ९). जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा असतो, मात्र रस्त्याच्या कडेला ताजी गोड कणसे मिळतात. मार्चमध्ये जाण्याचे एकच, पण फार मोठे कारण आहे (प्रश्न १४).

४. महाराष्ट्रातल्या परवान्यावर गाडी चालवता येते का?

पर्यटक म्हणून आलेल्या व्यक्तीला मूळ भारतीय परवान्यावर गाडी चालवता येते, परंतु नियम राज्यागणिक थोडे बदलतात. त्यामुळे आपल्या आरटीओकडून निघण्यापूर्वीच आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्यावा. तो एक वर्ष चालतो आणि मूळ परवान्याशिवाय त्याला अर्थ नाही, म्हणून दोन्ही जवळ ठेवावेत. जे नोकरीसाठी येऊन एखाद्या राज्याचे रहिवासी झाले आहेत, त्यांना ठरावीक मुदतीत त्या राज्याचा परवाना काढावाच लागतो.

५. भाड्याची गाडी घेताना दोघांची नावे लावावीत का? विमा कोणता घ्यावा?

दोघांची नावे करारात लिहून घ्यावीतच. अनेक कंपन्या पती किंवा पत्नीचे नाव जादा शुल्काशिवाय लावतात, पण ते आपोआप लागत नाही. ज्याचे नाव करारात नाही, त्याच्या हातून अपघात झाला तर विमा नाकारला जाऊ शकतो. पंचवीस वर्षांखालील चालकाला जादा आकार पडतो आणि एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात गाडी सोडल्यास वेगळा आकार लागतो, म्हणून प्रश्न २ मधले मार्ग वर्तुळाकार ठेवले आहेत.

विम्याचे दोन भाग वेगळे समजून घ्यावेत. एक भाग भाड्याच्या गाडीच्या नुकसानीचा असतो, तर दुसरा आपल्यामुळे दुसऱ्याला झालेल्या इजेचा व नुकसानीचा. काही क्रेडिट कार्डांवर पहिला भाग मिळतो, दुसरा मिळत नाही. दुसऱ्याला झालेल्या इजेचा खर्च तिथे आयुष्यभराची बचत संपवू शकतो, म्हणून त्या भागात काटकसर करू नये. कच्च्या रस्त्यांबाबतचे कलम प्रश्न ८ मध्ये पाहा.

६. भारतात वर्षानुवर्षे गाडी चालवली आहे. तिकडे कोणते नियम चटकन लक्षात येत नाहीत?

गाडी उजव्या बाजूने चालवायची हे दोन दिवसांत अंगवळणी पडते, पण डावीकडे वळताना सवय उलटते. त्या वेळी शेजारी बसलेल्याने "उजवी बाजू" असे मोठ्याने म्हणावे, हा उपाय साधा असला तरी खात्रीचा आहे. लाल दिव्यावर पूर्ण थांबून, मना करणारी पाटी नसल्यास, उजवीकडे वळता येते. चारही बाजूंना "स्टॉप" असलेल्या चौकात जो आधी थांबला तो आधी जातो आणि गाडी रेंगाळत पुढे नेणे हे थांबणे मानले जात नाही. शाळेची पिवळी बस लाल दिवे लुकलुकवत थांबली, तर साध्या दुपदरी रस्त्यावर समोरून येणाऱ्यानेही थांबायचे असते. रस्त्याच्या कडेला पोलिसांची किंवा मदतीची गाडी उभी असल्यास एक पट्टा सोडून जावे आणि ते शक्य नसेल तर वेग कमी करावा.

वेगमर्यादा प्रत्येक राज्यात वेगळी असते. ग्रामीण इंटरस्टेटवर आयोवात ती ७० मैल, नेब्रास्का व कॅन्ससमध्ये ७५ आणि साउथ डकोटात ८० आहे. लहान गावाच्या वेशीवर मात्र ती ६५ वरून थेट २५-३० पर्यंत उतरते आणि पाहुण्यांना दंड बहुधा तिथेच होतो.

७. पंपावर इतक्या नळ्या आणि इतके आकडे असतात. नेमके काय भरायचे?

बहुतेक भाड्याच्या गाड्यांना ८७ आकड्याचे साधे पेट्रोल चालते. आयोवा-नेब्रास्का हा मक्यापासून इथेनॉल बनवणारा पट्टा असल्याने तिथे आणखी प्रकार दिसतात. "८८" असे लिहिलेल्या पेट्रोलमध्ये १५ टक्के इथेनॉल असते. ते २००१ पासूनच्या गाड्यांसाठी मान्य असले, तरी गाडीच्या झाकणावरची सूचना आधी वाचावी. "ई ८५" मात्र फक्त त्यासाठीच बनवलेल्या गाड्यांत भरायचे असते, ते स्वस्त दिसले तरी मोहात पडू नये. डिझेलची नळी पुष्कळदा हिरव्या मुठीची असते. ब्लॅक हिल्सकडे ८५ आकड्याचे पेट्रोल मिळते, पण गाडीच्या पुस्तिकेत ८७ सांगितले असेल तर तिथेही ८७ च घ्यावे.

भारतीय कार्ड वापरताना पंप झिप कोड (तिथला पिनकोड) मागतो आणि व्यवहार अडतो. अशा वेळी आत काउंटरवर जाऊन पंपाचा क्रमांक सांगावा आणि आगाऊ पैसे द्यावेत. उरलेली रक्कम परत मिळते.

८. नकाशा कधी कधी कच्च्या रस्त्यावर नेतो. तिकडून जावे का?

या रस्त्यांची रचना समजली की निर्णय सोपा होतो. १७८५ च्या कायद्यानुसार हा सारा प्रदेश एक-एक मैलाच्या चौकोनांत मोजला गेला. एका चौकोनात ६४० एकर येतात आणि त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे १६० एकर, १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे जमीन कसणाऱ्याला मिळत असे. नेब्रास्कातील बिॲट्रिसजवळ या कायद्याचे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे, ते चुकवू नये. एक गोष्ट तिथे स्पष्ट होते : वाटलेली ही जमीन आधी मूळनिवासी लोकांकडून घेतलेली होती. आपल्याकडच्या सातबाऱ्याप्रमाणे तिथेही जमिनीचे वर्णन त्या चौकोनाच्या आणि त्याच्या हिश्श्याच्या आकड्यांवरून होते. रस्ते या चौकोनांच्या कडेने जातात, म्हणून ते नाकासमोर सरळ असतात. पृथ्वी गोल असल्याने उत्तरेकडे रेघा जवळ येतात आणि ती तफावत भरून काढण्यासाठी ठरावीक अंतरावर रस्ता एकदम काटकोनात सरकवलेला असतो. रात्री वेगात असताना हे वळण अंगावर येते.

कोरड्या हवेत, दिवसा, चाळीसच्या आतील वेगाने खडीच्या रस्त्यावरून जायला हरकत नाही. बॅडलँड्समधला सेज क्रीक रिम रोड असाच खडीचा आहे आणि गवे (बायसन) तिथेच सर्वांत जवळून दिसतात. पावसानंतर मात्र जाऊ नये. भाड्याच्या गाडीच्या करारात "डांबरी नसलेल्या रस्त्यावरील नुकसान वगळले आहे" असे कलम आहे का, हे आधी वाचावे.

याच रस्त्यांवर समोरून येणारा शेतकरी स्टिअरिंगवरून एकच बोट उचलून अभिवादन करतो. आपणही बोट उचलावे, तशी तिथली रीत आहे.

९. टोर्नेडोची भीती वाटते. प्रवासात असताना काय करायचे?

भीतीपेक्षा तयारी उपयोगी पडते. "वॉच" जाहीर झाला म्हणजे हवामान टोर्नेडोला पोषक आहे, प्रवास चालू ठेवता येतो पण आकाशाकडे व फोनकडे लक्ष हवे. "वॉर्निंग" म्हणजे टोर्नेडो प्रत्यक्ष दिसला आहे किंवा रडारवर त्याची खूण मिळाली आहे, आणि त्या क्षणी आसरा घ्यायचा असतो.

रेडिओवर आणि टीव्हीवर हा इशारा काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, नावाने सांगितला जातो. गावाचे नाव ठाऊक असून काउंटीचे नसेल, तर इशारा कानावर पडूनही उपयोग होत नाही. म्हणून आमचा आग्रह आहे की काउंट्या दाखवणारा छापील नकाशा गाडीत असावा आणि न चालवणाऱ्याने आपण कोणत्या काउंटीत आहोत व पश्चिमेला कोणती आहे, हे सतत जाणून घ्यावे, कारण ही वादळे बहुधा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे सरकतात.

पुलाखाली कधीही थांबू नये, कारण तिथे वारा अधिक जोराने घुसतो आणि उडून येणाऱ्या वस्तूंपासून संरक्षण मिळत नाही. पक्क्या इमारतीत सर्वांत खालच्या मजल्यावरची खिडकी नसलेली खोली सर्वांत चांगली. पेट्रोलपंपाच्या दुकानातील स्वच्छतागृहही चालते. अनेक रेस्ट एरियांत आसऱ्याची खोली पाटी लावून दाखवलेली असते. मोटेलमध्ये शिरतानाच काउंटरवर ही जागा विचारून घ्यावी, या प्रश्नाचे तिथे कोणालाही नवल वाटत नाही. ऊन पडलेले असताना इशाऱ्याचा भोंगा वाजला तर घाबरू नये. अनेक गावांत महिन्यातून एकदा ठरलेल्या वेळी त्याची चाचणी होते.

१०. डिसेंबरच्या सुट्टीत गेलो तर?

बर्फात गाडी चालवण्याचा अनुभव नसेल तर जाऊ नये. हिमवादळात इंटरस्टेटच्या प्रवेशावरची फाटके बंद केली जातात आणि प्रवासी आहे त्या गावात अडकतात. तरीही जाणे भागच असेल, तर रोज ५११ या सेवेवर रस्त्यांची स्थिती पाहावी, टाकी अर्ध्याच्या खाली येऊ देऊ नये आणि पांघरुणे, पाणी व खाऊ सीटवरच ठेवावे, डिकीत नव्हे.

११. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. निभावेल का?

निभावते, पण लहान गावांत विचारपूस करावी लागते. मेक्सिकन खाणावळीतल्या घेवड्यात डुकराची चरबी असू शकते आणि भाज्यांच्या सूपचे पाणी बऱ्याचदा गोमांसाचे असते. "मांस नको" एवढे सांगून भागत नाही, "कोणत्या पाण्यात शिजवले" हेही विचारावे. चीज सँडविच, भाजलेला बटाटा, फळांचे "पाय" (फळांचे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) आणि अंडी चालत असल्यास सकाळची न्याहारी सर्वत्र मिळते. चेक वंशाच्या वस्त्यांत, म्हणजे आयोवातील सीडर रॅपिड्स किंवा नेब्रास्कातील विल्बर येथे, खसखशीचे किंवा आलुबुखाराचे सारण भरलेले कोलाचे नावाचे गोड पाव मिळतात, ते जरूर खावेत.

ओमाहा, डी मॉइन, कॅन्सस सिटी व सेंट लुइस येथे भारतीय किराणा मिळतो. आग्नेय आयोवातील फेअरफील्ड येथे महर्षी महेश योगींच्या अनुयायांनी १९७४ पासून विद्यापीठ चालवले आहे, त्यामुळे त्या छोट्या गावात शाकाहारी जेवण सहज मिळते. डी मॉइनजवळच्या मॅड्रिड गावाबाहेर शेतांच्या मधोमध हिंदू मंदिर आहे. किटली भारतातून नेऊ नये. तिथे वीज ११०-१२० व्होल्टची असल्याने ती नीट तापत नाही, तिथेच एखादी साधी किटली घेतली की पोहे-उपम्याची पाकिटे कामी येतात.

१२. मुक्काम आधी ठरवावा की वाटेत शोधावा?

ब्लॅक हिल्समध्ये उन्हाळ्यात, तसेच मार्चमध्ये नेब्रास्कातील कर्नी येथे (प्रश्न १४) आधीच ठरवावा. इतरत्र दुपारी फोन करून मिळतो. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात ब्लॅक हिल्सजवळच्या स्टर्जिस गावात मोटरसायकलस्वारांचा प्रचंड मेळा भरतो आणि सगळ्या खोल्यांचे दर चढतात, त्या दिवसांत तिकडे जाऊ नये. हमरस्त्यावरची अनेक मोटेले गुजराती कुटुंबे चालवतात. जेवणाविषयी त्यांना विचारल्यास खरी माहिती मिळते.

१३. हायवे २ चे एवढे कौतुक का?

ग्रँड आयलंड ते अलायन्स हा सुमारे २७० मैलांचा रस्ता सँडहिल्समधून जातो. पश्चिम गोलार्धातील वाळूच्या टेकड्यांचा हा सर्वांत मोठा प्रदेश आहे आणि तो जवळजवळ पूर्ण गवताने बांधलेला आहे. नांगर लावला की वाळू उडू लागते, म्हणून इथे शेती टिकली नाही, गुरे टिकली आणि त्यामुळेच मूळ गवत वाचले. पावसाचे पाणी वाळूतून सरळ खाली ओगालाला या विशाल भूजलसाठ्यात मुरते आणि टेकड्यांमधल्या खोलगट जागी तेच पाणी तळे होऊन वर आलेले दिसते.

हॅल्सी येथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून माणसांनी हाताने लावलेले पाइनचे जंगल आहे. तिथे एका बाजूला गर्द झाडी आणि दुसऱ्या बाजूला क्षितिजापर्यंत गवत दिसते. पुढे अँटिओक येथे काँक्रीटच्या ओसाड भिंती उभ्या आहेत. पहिल्या महायुद्धात जर्मनीहून येणारे पोटॅश बंद झाले, तेव्हा इथल्या खाऱ्या तळ्यांतून ते काढू लागले आणि युद्ध संपताच गाव रिकामे झाले. रस्त्याला लागून कोळशाच्या लांबच लांब गाड्या धावत असतात. पेट्रोल ब्रोकन बो येथे पूर्ण भरून घ्यावे आणि नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवावा, कारण मध्ये बराच वेळ संपर्क नसतो. विजेवरच्या गाडीने हा रस्ता घेऊ नये, पुरेशी चार्जिंग केंद्रे इथे नाहीत.

१४. मार्चमध्ये जाण्याचे ते कारण कोणते?

सँडहिल क्रेन, म्हणजे क्रौंच. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत पाच लाखांहून अधिक क्रौंच उत्तरेकडे जाताना कर्नीच्या आसपास प्लाट नदीवर थांबतात. नदी उथळ व अनेक धारांची आहे. रात्री तिच्या वाळूच्या बेटांवर उभे राहिले की कोल्ह्यांपासून संरक्षण मिळते आणि दिवसा शेतात सांडलेल्या मक्यावर पोट भरते. पहाटे अंधारात आडोशाच्या लाकडी खोपटात निमूट उभे राहावे लागते. आधी फक्त घशातून काढलेला घुमणारा आवाज येतो आणि उजाडल्यावर कळते की नदीतली करडी बेटे वाळूची नसून पक्ष्यांची आहेत. रो अभयारण्यातील खोपटांत जागा आधी राखून ठेवावी लागते. फोनचा प्रकाशही तिथे चालत नाही. फोर्ट कर्नीजवळच्या पायपुलावरून संध्याकाळी त्यांचे परतणे पाहता येते.

१५. माउंट रशमोअर पाहायचे आहे. तिथल्या मूळनिवासी लोकांच्या भावनांबद्दल ऐकले आहे, ते काय?

वॉशिंग्टन, जेफरसन, थिओडोर रूझवेल्ट आणि लिंकन यांचे सुमारे साठ-साठ फुटांचे चेहरे १९२७ ते १९४१ या काळात ज्या डोंगरात कोरले गेले, तो ब्लॅक हिल्सचा प्रदेश लाकोटा लोकांना पवित्र आहे. १८६८ च्या फोर्ट लॅरमी कराराने तो त्यांच्याकडेच राहणार होता. १८७४ मध्ये सोने सापडले आणि १८७७ मध्ये तो काढून घेतला गेला. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भरपाई मान्य केली, पण सू लोकांनी (लाकोटा हे त्यांच्यापैकीच) ती आजवर स्वीकारलेली नाही, कारण त्यांना पैसे नकोत, डोंगर हवे आहेत. आमच्या मते स्मारक जरूर पाहावे, पण हा इतिहास ठाऊक असून पाहावे. दक्षिणेला पाइन रिज येथे, २९ डिसेंबर १८९० रोजी सैन्याने ज्या ठिकाणी लाकोटा स्त्री-पुरुष व मुलांची हत्या केली, त्या वूंडेड नीच्या दफनभूमीपाशीही थांबावे. तिथे आवाज चढवू नये आणि परवानगीशिवाय कोणाचे छायाचित्र घेऊ नये.

१६. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास घ्यावा का?

केवळ या फेऱ्यासाठी बहुधा गरज नाही. फ्लिंट हिल्समधल्या टॉलग्रास प्रेअरी या राष्ट्रीय कुरणाला शुल्क नाही, माउंट रशमोअरला फक्त वाहनतळाचे शुल्क आहे आणि ते पासात धरले जात नाही, तसेच ब्लॅक हिल्समधले कस्टर हे राज्याचे उद्यान असल्याने त्याचे शुल्क वेगळे आहे. गवे कस्टरमध्ये रस्त्यावरच येतात. ते शांत दिसले तरी गाडीतून उतरू नये.

१७. ठरलेल्या वेळेच्या एक तास आधी पोहोचलो, असे कसे झाले?

नेब्रास्का, साउथ डकोटा आणि कॅन्सस या तिन्ही राज्यांत दोन वेगवेगळ्या प्रमाणवेळा चालतात. हायवे २ वर थेडफर्ड ते मुलन यांच्या दरम्यान घड्याळ एक तास मागे जाते, तर इंटरस्टेट ९० वर हा बदल मिसुरी नदीच्या पश्चिमेला होतो. परतताना तोच तास जातो, म्हणून त्या दिवशी अंतर कमी ठेवावे.

१८. पोलिसांनी गाडी थांबवली तर? पासपोर्ट जवळ बाळगावा का?

गाडी उजव्या कडेला घेऊन काच खाली करावी, हात स्टिअरिंगवर ठेवावेत आणि सांगेपर्यंत खाली उतरू नये. भारतात उतरून बोलायला जाणे सौजन्याचे वाटते, तिथे ते धोक्याचे मानले जाते. अठरा वर्षांवरील परदेशी नागरिकाने आपल्या नोंदणीचा पुरावा सतत जवळ ठेवणे कायद्याने आवश्यक आहे. म्हणून पर्यटकांनी पासपोर्ट व आय-९४ ची (देशात प्रवेश केल्याच्या नोंदीची) प्रत आणि कायम रहिवाशांनी ग्रीन कार्ड जवळ ठेवावे.

१९. काही राज्यांत गांजाची दुकाने उघड दिसतात. मग तो कायदेशीर आहे ना?

इलिनॉय, मिसुरी व मिनेसोटा या राज्यांच्या कायद्याने आहे, आयोवा, नेब्रास्का व कॅन्ससमध्ये नाही, आणि केंद्रीय कायद्याने कुठेच नाही. व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असलेल्यांचे प्रकरण केंद्रीय कायद्यानुसार चालते, त्यामुळे खरेदी, सेवन किंवा गाडीत बाळगणे, तिन्ही टाळावे.

२०. आम्ही दोघेही पासष्टीच्या पुढचे आहोत. मुलाची गाडी घेऊन गेलो तर चालेल का?

मुलाच्या विमा कंपनीकडून आधी लेखी खात्री करून घ्यावी. मालकाच्या परवानगीने अधूनमधून गाडी चालवणाऱ्याला बहुतेक विमे धरतात, पण त्याच घरात काही महिने राहणाऱ्या व्यक्तीचे नाव विम्यात नोंदवावे लागते आणि पाहुणे आईवडील नेमके या दोहोंच्या सीमेवर येतात. गाडीच्या विम्यात आजारपण येत नाही, म्हणून प्रवासी आरोग्य विम्यात जुन्या दुखण्यांविषयी काय लिहिले आहे, ते वाचून ठेवावे. सँडहिल्समध्ये रुग्णालय तासाभराच्या अंतरावर असू शकते, त्यामुळे औषधे पूर्ण प्रवासाची आणि मूळ वेष्टनासह सोबत असावीत. दर दोन तासांनी उतरून दहा मिनिटे चालावे. सूर्यास्तानंतर गाडी चालवू नये, कारण संधिप्रकाशात हरणे रस्त्यावर येतात, नोव्हेंबरमध्ये तर फारच. हरीण समोर आले तर गाडी न वळवता सरळ ब्रेक लावावा.